फळ्यासमोरच्यांना आधी विचारा

१६ एप्रिल २०२५. शासन निर्णय निघाला: मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य. १७ जूनला सुधारित निर्णय आला, ‘अनिवार्य’च्या जागी ‘सर्वसाधारणपणे’. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती.

आधी निर्णय, मग सुधारणा, मग समिती. क्रम बरोबर उलटा.

विचारायला माणसं नव्हती का? राज्याची स्वतःची भाषा सल्लागार समिती आहे. तिचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी एप्रिलमध्येच मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं: समितीचं मत विचारात घेतलं नाही, निर्णय मागे घ्या. सरकार स्वतःच नेमलेल्या समितीला विचारत नसेल, तर द्विशिक्षकी शाळेतल्या बाईंना कोण विचारणार?

म्हणे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आहे. मग धोरणावर बेतलेला २०२३ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा उघडून बघा. तिसरी भाषा त्यात सहावीपासून आहे.

पण त्या आराखड्यालाही सूट नको. तो घडवणाऱ्या सुकाणू समितीचे अध्यक्ष होते के. कस्तुरीरंगन, इस्रोचे माजी प्रमुख. समितीत कुलगुरू होते, नामवंत गणितज्ञ होते, उद्योजक होते. सगळी कर्तबगार माणसं. रोज पहिलीच्या वर्गावर जाणारा भाषाशिक्षक मात्र एकही नव्हता.

आराखड्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत चर्चा झाल्या, मोबाईलवरून सर्वेक्षण झालं, हे मान्य. पण तयार प्रश्नाखालच्या पर्यायांपैकी एकावर बोट ठेवणं म्हणजे अभ्यासक्रम घडवणं नव्हे. प्रश्न कोणी काढले, हाच तर प्रश्न आहे.

शिक्षकाला विचारून असं काय वेगळं कळणार होतं? एकच गोष्ट घ्या. मराठी आणि हिंदीची लिपी एक, म्हणून हिंदी सोपी, असं सगळे म्हणाले. पहिलीतलं मूल ‘पाणी’ लिहितं. मराठीच्या तासाला ते बरोबर, हिंदीच्या तासाला चूक. ‘कवी’ मराठीत दीर्घ, हिंदीत ऱ्हस्व. आठवीच्या मुलाला हा फरक चटकन समजतो. सहा वर्षांचं मूल अजून अक्षराला आवाज जोडायला शिकत असतं. त्याला सारखी दिसणारी लिपी दिलासा देत नाही, गोंधळात टाकते. हे कळायला मंत्रालयात बसावं लागत नाही, वह्या तपासाव्या लागतात.

आणि ‘तिसरी भाषा’ कोणाची तिसरी? मेळघाटातलं कोरकू मूल घरून कोरकू घेऊन येतं. शाळेत मराठी भेटते. इंग्रजी तर २००० पासून पहिलीतच आहे. म्हणजे हिंदी त्याची चौथी. जतच्या कानडी घरातून मराठी शाळेत येणाऱ्या मुलाचंही तेच. कागदावर तीन, दप्तरात चार.

सुधारित निर्णयात आणखी एक सोय होती. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गातली किमान २० मुलं हवीत. तेवढी नसतील तर ऑनलाइन शिकवू. पहिलीच्या मुलाला? नवी भाषा? पडद्यावरून? त्या वयाचं मूल बाईंच्या तोंडाकडे बघून बोलायला शिकतं. एका तरी अनुभवी शिक्षिकेनं मसुदा वाचला असता, तर हे वाक्य निर्णयात राहिलं नसतं.

शिक्षक अगदीच बाहेर नाहीत, हेही सांगायला हवं. बालभारतीचं कुठलंही भाषेचं पुस्तक उघडा. सुरुवातीच्या पानांवर भाषा समिती आणि अभ्यासगटाची नावं छापलेली असतात आणि त्यांत शिक्षक असतात. ते धडे निवडतात, स्वाध्याय लिहितात, जीव ओतून काम करतात. पण भाषा किती, कोणत्या इयत्तेपासून, आठवड्याला तासिका किती, हे तोवर वरून ठरून आलेलं असतं. भिंती उभ्या राहिल्यावर रंग विचारायचा!

शिक्षकांना वेळ कुठे आहे, असंही विचारलं जातं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकांसाठी शिक्षकांना कामाला लावण्याची मुभा दिली आहे. त्या कामांसाठी शिक्षक हवा तेव्हा मिळतो. मग भाषेच्या अभ्यासक्रमासाठीच तो नेमका का मिळत नाही?

हरकती आणि सूचना मागवल्या की सल्लामसलत झाली, हा समज आधी सोडा. मसुद्याच्या पहिल्या बैठकीला वर्गावरचे भाषाशिक्षक बोलवा. मेळघाटचे, जतचे, सोलापूरच्या तेलुगू वस्त्यांतल्या शाळांचे, मुंबई महापालिकेचे. त्यांना त्या काळात इतर कामांतून मोकळं करा. नवा बदल मोजक्या शाळांत वर्षभर करून बघा. शिक्षकांचा आक्षेप मान्य नसेल तर का नाही, ते लेखी सांगा.

वाचकहो, भाषांचा पुढचा आराखडा येईल तेव्हा भाषा कोणत्या, यावर भांडण्याआधी समितीची यादी काढा. सध्या पहिली-दुसरीला भाषा शिकवणारे त्यात किती, ते मोजा. उत्तर शून्य असेल तर तो आराखडा परत पाठवायला सांगा.