जुने तर माझे गुडघेही आहेत

सोसायटीतल्या काकांना कोणी जुनी नोट दाखवायला आणली की ते आधी हात धुवायला जातात. नोटेचा मालक तोवर सोफ्यावर बसून मनातल्या मनात फ्लॅट बुक करतो. त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो : ट्रॅक्टरवाली पाचाची नोट, नंबरात 786, किंमत लाखात. काका येतात, नोट कडेला चिमटीत धरतात, ट्यूबलाइटसमोर नेतात आणि म्हणतात, "पाच रुपये."

"अहो, पण जुनी आहे!"

"जुने तर माझे गुडघेही आहेत. घेता?"

नोट म्हातारी असून भागत नाही, ती दुसऱ्याकडे नसावी लागते, हे काकांचं शास्त्र. त्यामुळे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ते धोरणावरून नाही, मुक्कामावरून तोलतात. अमिताव घोष 1985 साली जेमतेम वीस दिवस त्या खुर्चीत होते. त्यांच्या सहीची दहाची नोट निघाली की काकांचा आवाज कापरा होतो. 1970 साली दीडेक महिना राहिलेले आदरकर हेही 'सज्जन माणूस'. चिंतामणराव देशमुखांचा साऱ्या महाराष्ट्राला अभिमान, पण काका हळहळतात, "सहा वर्षं राहिले हो. सह्या फार झाल्या."

भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालणारा हा माणूस सुट्ट्या पैशांत चांदणीवाली नोट दिसली की वाद तिथेच सोडतो. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी पुडक्यात जी बदली नोट घालतात, तिच्या नंबरात ही चांदणी असते. 2006 साली दहा, वीस, पन्नासच्या नोटांपासून ही पद्धत सुरू झाली. भाजीवाल्याला यातलं काही ठाऊक नाही. काका आले की गल्ला उघडा ठेवायचा, एवढं मात्र त्याने ताडलंय.

नोटेला इस्त्री करून आणणाऱ्यांवर काका फार चिडतात. धुतलेली, दाबलेली नोट त्यांना वासावरून कळते म्हणे. (मी एकदा हुंगून पाहिली. मला फक्त नोटेचा वास आला.) पण त्यांचं खरं दुखणं वेगळं आहे. नोट उजेडासमोर धरून ते भोकं मोजतात. बाकी कोरी करकरीत, घडीसुद्धा नाही, पण डावीकडे टाचणीची दोन भोकं, की भाव कोसळला. आणि काका स्वतः आयुष्यभर बँकेत कॅशियर होते! 2001 साली रिझर्व्ह बँकेने पुडकी टाचायला बंदी केली, तोवर शंभर-शंभर नोटांच्या पुडक्यांत याच हातांनी तारा ठोकल्या. रात्री झोप लागत नाही तेव्हा, काकू सांगतात, त्यांचा अंगठा पांघरुणावर स्टेपलर दाबत असतो.

आमच्या लग्नात त्यांनी पाचशे एक आहेर केला. वरचा एक म्हणजे 2015 साली पुन्हा निघालेली एक रुपयाची कोरी नोट, प्लास्टिकच्या पाकिटात. "हिच्यावर गव्हर्नर सही करत नाही बरं का, वित्त सचिव करतात. घडी घालू नका." पुढे वर्षभर आमची खुशाली विचारायच्या आधी ते नोटेची विचारत. एकदा बायकोच्या तोंडून निघून गेलं, की गणपतीत सुटे नव्हते म्हणून ती आरतीच्या ताटात टाकली.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, "कुठल्या मंडळाच्या?"

यंदा त्या मंडळाला दानपेटी मोजायला अनुभवी कॅशियर मिळालाय. मानधन नको म्हणाला. अट एकच, टेबलावर स्टेपलर दिसता कामा नये.