विटीला गल कुठे?

बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीत 2008 साली विमानतळ आला आणि द्राक्षमळ्यांच्या शेजारी गृहसंकुलं उगवली. प्रत्येकात क्रीडासुविधा असतेच: स्क्वॉश कोर्ट, जिम आणि कधीही न वाळणारं प्लास्टिकचं गवत. विटीदांडूला लागते फक्त एक वीतभर गल. पण या गवतात ती खणली तर सोसायटी दंड लावणार! लगोरीला फुटक्या फरशीच्या सात ठिकऱ्या हव्यात; इथली फरशी इटालियन, ती फोडायची तर कर्ज काढावं लागेल.

खो-खोनं मात्र वेळीच शहाणपण दाखवलं. मातीतून उठून मॅटवर बसला आणि 2025 मध्ये दिल्लीत त्याचा विश्वचषकही झाला. अंगाला माती लागत नाही म्हटल्यावर प्रतिष्ठा लागणारच.

गंमत अशी, की आपल्या विटीदांडूतले वकट, लेंड, मूंड, नाल हे तेलुगू ओकटि, रेंडु, मूडु, नालुगुचे सख्खे भाऊ. म्हणजे मोजणी या दक्षिणेचीच, आणि इथल्याच आर्किटेक्टला ती नकाशात बसवता येत नाही. संध्याकाळी कुंपणाबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर बांधकाम मजुरांची पोरं विटी कोलतात. कन्नडमध्ये चिन्नी-दांडू. त्या प्लॉटवरही आता ‘विकणे आहे’ची पाटी लागली आहे.