सही जुळत नाही

माझे वडील प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटलं की कुणाच्या डोक्यात वर्तमानपत्र येत नाही. प्रेस म्हणजे नोटांची. १९२८ साली ती सुरू झाली आणि तेव्हापासून इथल्या कितीतरी घरांची चूल नोटांवर पेटते. म्हणजे पगाराच्या; गैरसमज नको. दिवसभर वडिलांच्या डोळ्यांसमोरून लाखो रुपये कोरे करकरीत सरकत जात. सुटी झाली की गेटवर झडती देऊन ते रिकाम्या खिशानं बाहेर पडत, आणि शनिवारी स्वतःचे दोनशे रुपये काढायला बँकेच्या बाकावर पितळी टोकन धरून पाऊण तास बसत. कॅशिअर जाळीमागून नोटा दोनदा मोजून देई. वडील तिसऱ्यांदा मोजत. मग एखादी नोट उजेडाकडे धरून म्हणत, “ही जरा फिकी उतरलीय.” कॅशिअरला तो बँकेचा अपमान वाटे. वडिलांच्या मते ती घरातल्या घरात केलेली टीका होती.

१९६९ च्या जुलैत चौदा मोठ्या बँका सरकारी झाल्या, तेव्हा वडिलांनी त्यातल्याच एकीत खातं उघडलं. बिटको चौकापासून हाकेच्या अंतरावर. १९८४ मध्ये मला शाळेत नोकरी लागली, तेव्हा त्यांनी मला तिथंच नेऊन उभं केलं. कुलदैवत, फॅमिली डॉक्टर आणि बँक या तीन गोष्टी माणसानं निवडायच्या नसतात, त्या वडिलांकडून येतात, असं आमच्या घरात होतं.

बँकेतली सेवा सुधारावी म्हणून रिझर्व्ह बँक, सरकार यांनी कमी खटपट केलेली नाही. १९७५ मध्ये तलवार समिती झाली, १९९० मध्ये गोइपोरिया समिती, २०१० मध्ये दामोदरन समिती. साधारण पंधरावीस वर्षांनी एकदा, कुंभमेळ्यापेक्षा थोडं सावकाश, गिऱ्हाइकाची आठवण येते. या तिन्ही समित्या आमच्या शाखेत दोरीला बांधलेल्या पेनाच्या डोक्यावरून निघून गेल्या. पेन तिथंच होतं. दोरी इतकी आखूड, की स्लिप भरताना माणूस आपोआप नमस्काराच्या पवित्र्यात येई.

आणि तीन नंबरच्या बाई.

त्या १९८८ च्या सुमारास काउंटरवर आल्या. समोर नावाची पाटी होती, पण तिच्यापुढे कायम डिंकाची बाटली असे, म्हणून सगळं नाशिकरोड त्यांना ‘तीन नंबरच्या बाई’ म्हणे. मधली काही वर्षं त्यांची सातपूरला बदली झाली, परत आल्या त्या त्याच काउंटरवर. माझा पहिला चेक त्यांनी हातात घेतला, माझं सहीचं कार्ड काढलं, दोन्हीकडे आळीपाळीनं पाहिलं आणि काचेखालून चेक परत सरकवला.

“सही जुळत नाही. पुन्हा करा.”

“अहो, पण मीच केलीय.”

“तुम्ही तुम्हीच आहात. सही तुमची नाही. तुमच्या ‘र’ला शेपूट होतं, ते कुठं गेलं?”

त्यानंतरची तीसेक वर्षं मी बावीस वर्षांच्या स्वतःची खोटी सही करायला शिकत होतो. लग्न झालं, शेपूट आखडलं. मुलगा झाला, वेलांटी झोपली. घराचं कर्ज घेतलं त्या वर्षी तर आडव्या रेघेनं मानच टाकली. बाईंनी प्रत्येक वेळी ते ओळखलं. “हल्ली झोप होत नाही वाटतं,” असं एकदा त्या चेककडे बघून म्हणाल्या. आमच्या हिला ते कळायला आणखी पंधरा दिवस लागले.

मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि त्याचं सुरू झालं, “बाबा, कसल्या बँकेत आहात? बदला.” त्याच्या आग्रहाखातर मी नाशकात गेलो. (नाशिकरोडचा माणूस कॉलेज रोडला जातो तेव्हा तो ‘नाशकात’ जातो. रोडचे लोक या बाबतीत हट्टी आहेत.) तिथं काचेचं दार, आत महाबळेश्वरसारखी हवा, बसायला सोफा, हातात पाणी. एका टायवाल्या मुलानं मला वीस मिनिटांत सोळा वेळा ‘सर’ म्हटलं. पस्तीस वर्षं मास्तरकी करूनही एवढा मान मिळाला नव्हता. मी भारावून जाऊन खातं उघडलं. तो म्हणाला, “मी तुमचा रिलेशनशिप मॅनेजर.”

तीन महिन्यांनी दुसऱ्याचाच फोन. “सर, मी तुमचा नवीन रिलेशनशिप मॅनेजर.” आणखी तीन महिन्यांनी तिसरा. इतकी नाती आमच्या पंचक्रोशीत कुणाची इतक्या भराभर तुटलेली नसतील. प्रत्येक जण नव्यानं माझं नाव चुकीचं उच्चारी, विमा हवाय का विचारी आणि नाहीसा होई. त्या बँकेनं माझी सही कधी परत केली नाही. कुणी पाहिलीच नव्हती. पैसे बटणावर येत, बटणावर जात. दीड वर्षानं खातं बंद करायला गेलो, तेव्हा सोळा ‘सर’वरून आकडा दोनवर आला होता.

नव्या बँकेतली सेवा खरंच चांगली होती, हे मान्य करायला हवं. आमच्या शाखेत तर २०१६ च्या नोव्हेंबरात, नोटाबंदीच्या वेळी, ‘कॅश नाही’ अशी पाटी लागली होती. मैलभर अंतरावर प्रेसमध्ये रात्रंदिवस नोटा छापल्या जात होत्या आणि आम्ही रांगेत. समुद्रकाठी मीठ मिळू नये तशी गत. रांगेतला प्रत्येक तिसरा माणूस प्रेसचा पेन्शनर. ते सगळे दोन हजारांच्या नव्या नोटेवर इतकं सविस्तर बोलत होते की रांग पुढं सरकली तरी कुणी सरकेना.

तरी मी तिथंच राहिलो. त्याचं एक कारण मी मुलाला कधी सांगितलं नाही. २००९ मध्ये वडील गेले. त्यांचं खातं बंद करायला कागद घेऊन मी टोकनच्या रांगेत उभा होतो. बाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, “तुम्ही आत या. बसा.” चहा आला. सगळे फॉर्म त्यांनीच भरले, मी फक्त फुल्या केल्या तिथं सह्या केल्या. पुढच्या महिन्यात मी चेक दिला, तो बराच वेळ त्यांच्या हातात राहिला.

“ही तुमची नाही,” त्या म्हणाल्या. “ही त्यांची यायला लागलीय.”

मी पाहिलं. शेपूट तर गेलंच होतं, पण खाली वडील देत तशी दोन टिंबं आपोआप आली होती.

“पुन्हा करा,” बाई म्हणाल्या, पण काचेखालून नाही, हातात देत.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. आता तीन नंबरला एक चुणचुणीत मुलगा आहे, मला ‘काका’ म्हणतो. डिंकाची बाटली गेली, टोकनं गेली, पेन आहे. परवा, नोव्हेंबर म्हणून, मी हयातीचा दाखला द्यायला गेलो. आपण जिवंत असल्याचं लिहून द्यायच्या त्या रांगेत माझ्यापुढे बाई उभ्या होत्या. केस पांढरे, हातात पिशवी. त्यांचा नंबर आला. मुलानं फॉर्म पाहिला, पडद्याकडे पाहिलं, परत फॉर्म पाहिला.

“मॅडम, सही जुळत नाही.”

बाई थिजल्याच. मग मागं वळल्या, मला पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

“अहो, जरा सांगा ना यांना, मी कोण ते.”

“सांगतो की,” म्हणून मी पुढं झालो, तोंड उघडलं, आणि तसाच उभा राहिलो. बाईंचं नाव मला माहीत नव्हतं.