बंदूकभावजी

माणसाला रायफल कशाला लागते, याची उत्तरं टेक्ससमध्ये तयार असतात: शिकार, नेमबाजी, स्वसंरक्षण आणि ‘माझा हक्क’. आमचे ह्यूस्टनचे शेजारी यांपैकी कुठल्याच खात्यात बसत नाहीत. हरीण मारणं त्यांच्या जिवावर येतं आणि आमच्या गल्लीत चोर फिरकत नाहीत. त्यांना रायफल लागते ती तिला काहीतरी बसवायला. आमच्या हिने पहिल्याच भेटीत त्यांचं नाव ‘बंदूकभावजी’ ठेवलं. ओघाने त्यांची बायको वहिनी झाली. तिला अर्थ ठाऊक नाही, पण हाक मारली की ओ देते.

भावजींच्या आयुष्याला खरं वळण लागलं ते 2007 साली. त्या वर्षीच्या शॉट शो या व्यापारी प्रदर्शनात मॅगपुल कंपनीने ‘मसाडा’ नावाची रायफल मांडली. नळी अवजारांशिवाय बदला, दस्ता दुमडा, लांब करा, आखूड करा. ठरावीक भाग बदलले की दुसऱ्या मापाचं काडतूसही चालेल. थोडक्यात, एक रायफल घ्या आणि जन्माची कटकट मिटवा. पुढे तिचे हक्क बुशमास्टरकडे गेले आणि 2010 मध्ये ती ‘एसीआर’ या नावाने विक्रीला आली. सुरुवातीला पंधराशे डॉलरच्या आसपास बोलणं होतं, प्रत्यक्षात किंमत निघाली अडीच हजारांच्या वर. मधल्या काळात भावजी हात बांधून बसले नव्हते. रायफल यायच्या आत त्यांच्याकडे तिची दुर्बीण, टॉर्च, पट्टा, बायपॉड आणि दोन प्रकारच्या मुठी येऊन पडल्या होत्या. जन्माची कटकट मिटली नाही, तिला नुसते सुटे भाग मिळाले.

अमेरिकेचा कायदाही अशा माणसाला सामील आहे. एआर-15 या लोकप्रिय रायफलीत कायद्याच्या दृष्टीने ‘बंदूक’ म्हणजे फक्त खालचा सांगाडा, ज्यावर क्रमांक कोरलेला असतो. तो दुकानातून कागदपत्रं भरून घ्यायचा. नळी, दस्ता, मूठ, ट्रिगर हे सगळं बहुतेक राज्यांत चपलांच्या जोडासारखं टपालाने घरी येतं. भावजींच्या दारात खोकं नाही असा आठवडा जात नाही. वहिनींनी विचारलं, “हे नवीन?” तर उत्तर ठरलेलं: “छे, हे जुनंच आहे, फक्त खोकं नवीन.”

भावजींचा मुख्य विषय मात्र रेल. पिकाटिनी रेल म्हणजे रायफलीवरची दातेरी पट्टी. न्यू जर्सीतल्या पिकाटिनी शस्त्रागाराचं नाव तिला मिळालं आणि 1995 मध्ये ती अमेरिकन लष्कराचं प्रमाण झाली. खाच 5.23 मिलिमीटर रुंद, एका खाचेच्या मध्यापासून दुसरीचा मध्य 10.01 मिलिमीटरवर. हे आकडे भावजींना लग्नाच्या तारखेपेक्षा पक्के पाठ आहेत. माप ठरल्यामुळे कोणाचीही वस्तू कोणाच्याही रायफलीवर बसू लागली, आणि ‘बसते’ याचा अर्थ भावजींनी ‘बसवलीच पाहिजे’ असा घेतला. नळीभोवतीच्या हँडगार्डला चारही बाजूंनी रेल लावली. तिचे दाते हाताला बोचू लागले, म्हणून रबरी आवरणं आणली. आवरणांनी पकड जाड झाली, म्हणून पुढे उभी मूठ लावली. मुठीच्या आड टॉर्चचं बटण गेलं, म्हणून वायरवालं बटण मागवलं. वायर लोंबते म्हणून ती धरायच्या क्लिपा आल्या. त्या क्लिपा कशावर बसतात? रेलवर.

मग जगाला उपरती झाली की एवढी रेल कशाला. गुळगुळीत हँडगार्डला भोकं पाडा आणि लागेल तिथेच तुकडा लावा. त्यासाठी 2012 मध्ये कीमॉड ही पद्धत आली, 2014 मध्ये एम-लॉक. भावजींनी कीमॉडचा झेंडा खांद्यावर घेतला, निम्मी रायफल बदलली. 2017 मध्ये अमेरिकी विशेष दलांसाठी झालेल्या चाचण्यांत एम-लॉक सरस ठरलं. त्यानंतर बरेच दिवस भावजी आमच्याशी धड बोलले नाहीत. कीमॉडचा एक अख्खा खण अजून गॅरेजमध्ये आहे. त्याला हात लावलेला त्यांना चालत नाही.

रंगाचं दुखणं वेगळंच. वाळूच्या रंगाला इकडे ‘फ्लॅट डार्क अर्थ’ म्हणतात आणि ही अर्थ प्रत्येक कंपनीची निराळी. भावजींचा दस्ता पिवळट, मूठ तपकिरी, मॅगझिन चहाच्या डागासारखं. आमची ही एकदा गंभीरपणे म्हणाली, “दादरला न्या हो, मॅचिंग सेंटरवाला पाच मिनिटांत काढून देईल.” मी भाषांतर केलं. त्यांनी दुकानाचा पत्ता मागितला.

गॅरेजमध्ये काम करताना मात्र या माणसाकडे बघत राहावं. प्रत्येक स्क्रू आधी पुसून कोरडा करतात. त्यावर निळ्या गोंदाचा एक थेंब, जास्त नाही. मग इंच-पौंडात मोजणारा टॉर्क पाना. तो कट्ट वाजला की हात थांबलाच पाहिजे. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या भागापर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. लाल गोंद त्यांच्या घरात नाही. लाल लावला की बोल्ट तापवल्याशिवाय सुटत नाही, आणि पुन्हा सुटणार नाही असं काही लावणं भावजींच्या धर्मात बसत नाही.

रेंजवर ते क्वचित जातात. दुर्बीण काढून नवी बसवली की नेम नव्याने जुळवावा लागतो: पाच गोळ्या झाडायच्या, भोकं कुठे पडली बघायची, दोन क्लिक डावीकडे, तीन वर. नेम जुळेपर्यंत गोळ्या संपतात. पुढच्या खेपेपर्यंत दुर्बीण बदललेली असते.

बंदुकीवर हसताना या देशात जीभ चावावी लागते, हे मला कळतं. शाळांतल्या गोळीबाराच्या बातम्या आम्हीही मुलांना जवळ घेऊनच बघितल्या. पण भावजींची रायफल सहसा इतकी सुटी असते की ती भीती घालायच्या कामाची उरलेली नाही, आणि जे काही जोडलेलं असतं ते लोखंडी तिजोरीत. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही दोनच हत्यारं ठेवता येतात, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, “आणि सुटे भाग?”

खंडेनवमीला आम्ही त्यांना बोलावलं होतं. शस्त्रांची पूजा करतात म्हटल्यावर ते भारावले. हळदकुंकू लावू दिलं. झेंडूची माळ मात्र घसरत होती. ते घरी गेले आणि रेलवर बसणारी एक कडी घेऊन आले.

ह्यूस्टनला आलात तर जरूर घरी या, भावजींची गाठ घालून देतो. काहीही विचारा, फक्त रायफल हातात घेऊन “केवढी जड आहे हो” असं म्हणू नका. मागे एका पाहुण्यांनी म्हटलं होतं. भावजींनी त्याच रात्री कार्बन फायबरचं हँडगार्ड आणि टायटॅनियमचे स्क्रू मागवले, आणि वहिनी अजून आम्हालाच बोल लावतात.