शिट्टीअण्णा

अण्णा समोरून येताना दिसले की आमच्या गावातली माणसं हात मागं घेतात. नखांच्या भीतीनं. ‘राम राम’ म्हणायच्या निमित्तानं अण्णा तुमचा हात धरतात, पंजा उलटा करतात आणि उजेडाला नेऊन सोनार जुनी पाटली निरखतो तसे निरखतात. मग निकाल येतो, “काल रताळी काढली वाटतं?” रताळी खरंच काढलेली असतात.

अण्णा आरोग्यसेवक म्हणून निवृत्त झाले, पण ही गोष्ट त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेली दिसत नाही. नोकरीत होते तेव्हा घरोघर फिरून भिंतीवर खडूनं तारीख टाकायचे. आताही टाकतात, फक्त खडू स्वतःच्या पेन्शनीतून घेतात. नवीन रंग दिलेल्या भिंतीवर तारीख पडली की घरात भांडण होतं. अण्णा तोवर पुढच्या घरात रांजणात डोकावत असतात.

त्यांचा सुवर्णकाळ 2000 साली सुरू झाला. तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. आबा पाटील यांनी संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, मागोमाग गावोगाव ‘गुड मॉर्निंग पथकं’ निघाली. पहाटे टमरेल घेऊन बसायला निघालेल्या माणसाला अडवायचं, हे पथकाचं काम. आमच्या पथकात ग्रामसेवक होते, पोलीसपाटील होते, दोन मास्तर होते. कागदावर. पहाटे पाच वाजता ओढ्याच्या बांधावर हजर असायचे ते एकटे अण्णा, कानटोपी घालून, गळ्यात शिट्टी. ती वाजली की बांधामागून माणसं अशी उठायची की गावात कुणाला संधिवात आहे यावर विश्वास बसू नये.

पुढं वरून सूचना आली की शिट्टी नको, गुलाबाचं फूल द्या. माणूस लाजला पाहिजे, दुखावला नाही पाहिजे. अण्णांनी परसातला सगळा गुलाब खुडला. एका बड्या घरच्या थोरल्या चिरंजीवांना ओळीनं फुलं मिळत गेली आणि ते बिचारे खिशात घालून घरी नेत राहिले. शेवटी सूनबाईंनी विचारलंच, की रोज पहाटे गुलाब देतंय तरी कोण? त्याच आठवड्यात त्या घरी संडासाचा पाया खणला गेला. सरकारी अनुदानानं जे झालं नव्हतं ते संशयानं झालं.

पण संडास बांधून अण्णांची पीडा टळेल असं ज्यांना वाटलं, ते फसले. अण्णांचा खरा जीव शोषखड्ड्यात. दोन लहान खड्डे, मधे एक चेंबर. एक भरला की चेंबरात त्याची वाट बुजवायची आणि दुसऱ्याची उघडायची. भरलेला खड्डा वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवला की आत सोनखत तयार, कोरडं आणि बिनवासाचं. गावाला हे पटत नाही. “एवढासा खड्डा? दोन महिन्यांत भरंल की!” म्हणत जो तो दहा बाय दहाची टाकी खणतो आणि तिचं तोंड गुपचूप गटारीला जोडतो. अण्णा त्या टाकीच्या काठावर उभे राहून विचारतात, “लग्नाचा हॉल काढलास व्हय रं?”

फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी खत बाहेर काढलं. ते कळल्यावर अण्णांना राहवेना. दिल्लीचा साहेब उतरतो आणि आपण काठावर? त्यांनी घरचा खड्डा उघडला, आत उतरले आणि घमेलंभर खत थेट ग्रामसभेत आणलं. चिमूट चिमूट वाटलं. उशिरा आलेल्या सरपंचांनी नाकाशी नेऊन सांगितलं, “पावडर बरी आहे, पण जरा जुनी वाटते.” त्या सभेचा चहा कुणी घेतला नाही.

लग्नात तर अण्णांना बोलावणं ही जोखीम आणि न बोलावणं त्याहून मोठी. त्यांच्या खिशात ओटीची बाटली असते. पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडलीय की नाही ते बघायचं औषध ते. नळीत पाणी घेऊन दोन थेंब टाकायचे, पिवळं झालं तर पाणी पास. मांडवात शिरता शिरता अण्णा विचारतात, “ओटी झाली का?” करवली सांगते, “नवरीची केव्हाच भरली.” एकदा अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि अण्णांनी वाढपी थांबवले, कारण पाणी पांढरंच राहिलं होतं. टँकरमध्ये पावडर पडली, अर्धा तास गेला, नळीत पिवळा रंग आला. अण्णांनी हात वर करून जाहीर केलं, “पाण्याला हळद लागली, वाढा आता!” वरबाप अजून बोलत नाहीत त्यांच्याशी.

दोष आहेत, नाहीत असं नाही. तंबाखू. शाळेत ते पोरांना वीस सेकंद हात धुवायला शिकवतात. तळवे, मागची बाजू, बोटांच्या फटी, अंगठे, नखं, मनगट. धडा संपला की ओट्यावर बसून त्याच तळव्यावर चुना टाकून अंगठ्यानं मळायला घेतात. एका चौथीतल्या पोरीनं विचारलं, “अण्णा, हा सातवा प्रकार का?” अण्णांनी गोळी तशीच चंचीत परत टाकली. दुसऱ्या दिवसापासून पिशवीत बोर्नव्हिटाचा झाकणाचा डबा दिसू लागला, थुंकायला. तंबाखू सुटली नाही, पण रस्त्यावर पिंकही पडली नाही. ही तडजोड मला अपुरी वाटते. त्या पोरीलाही वाटते.

दोन ऑक्टोबरला कोऱ्या झाडूंसह साहेब येतात, आधीच झाडलेला चौक पुन्हा झाडतात, फोटो होतो. अण्णा त्या फोटोत कधीच नसतात. ते तेव्हा कुणाच्या तरी माळवदावर चढून संडासाच्या व्हेंट पाईपच्या तोंडाला जाळीचं फडकं बांधत असतात, कारण डासांची ती राजरोस वाट. घरमालक खालून ओरडतो, “अण्णा, पडशील!” वरून उत्तर येतं, “आधी रांजण पालथा घाल. आज कोरडा दिवस!” डासाच्या अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायची. हे गणित गावातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे आणि दर आठवड्याला ते अण्णाच सोडवतात.

माणूस छळवादी आहे, यात शंका नाही. पण गावातली निम्मी टमरेलं आज फुलझाडांना पाणी घालायच्या कामी आली आहेत, तीही याच छळानं. तेव्हा तुमच्या व्हेंट पाईपला जाळी नसेल तर आजच स्वतः बांधून टाका. अण्णांना यावं लागलं तर ते चहाला थांबतील, आणि कप कसा विसळलात ते आत येऊन बघतील.