टायर पंक्चर हाय का?

आमच्या शेळगावात डिझेल इंजिनाबद्दल मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. विहिरीवरच्या किर्लोस्करला हँडल मारून मारून ज्यांचे दंड तयार झाले, त्यांना इंजिनातलं काही शिकवायला जाऊ नये, एवढं शहाणपण शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाकडे असायला हरकत नाही. माझ्याकडे ते नाही. मी शिकवायला जातो आणि फळा नसला तर बॉनेटवरच्या धुळीत आकृती काढतो.

त्या दिवशी मेव्हणीच्या मुलीचा साखरपुडा होता. गाव निमगाव केतकी, म्हणजे इंदापूरच्या वाटेवर आमच्या पुढचंच. बायको, सासूबाई, तात्या चुलते आणि आहेराच्या पिशव्या सगळे जीपमध्ये बसले. जीप सेकंडहँड, पण कॉमन रेलची. रात्री ती तोड चालू असलेल्या उसाच्या फडाला लागून उभी होती. सेल्फ मारला. इंजिन झोकात फिरलं, पण पेटायचं नाव घेईना.

घरच्यांना वाटलं, खोळंबा झाला. मला वाटलं, संधी आली. खिशातून ऑनलाइन मागवलेला स्कॅनर काढून मी डॅशबोर्डखाली खोचला आणि मोबाइलवर आकडे वाचू लागलो. सेल्फ मारताना रेलमधलं प्रेशर ८० बारच्या वर सरकत नव्हतं.

“गाडी सुरू व्हायला साधारण २०० बार लागतात,” मी तोवर जमलेल्या मंडळींना सांगितलं. “तेवढं प्रेशर झाल्याशिवाय कॉम्प्युटर इंजेक्टरला फवाराच मारू देत नाही. आता बघा, टायरात असते जेमतेम दोन-अडीच बार हवा...”

“म्हंजे टायर पंक्चर हाय का?” तात्यांनी विचारलं.

अशा वेळी खरा शिक्षक मुळापासून सुरुवात करतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबून तापलेल्या हवेत तेलाचा बारीक फवारा गेला की ते आपोआप पेटतं, हे मी सांगितलं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्यात तेल सिलिंडरमध्ये ढकलायला दाबलेली हवाच वापरली होती, आणि पुढे १९२७ पासून बॉशचे इंजेक्शन पंप बाजारात आले, हेही सांगितलं. १९५१ मध्ये बंगळुरूला निघालेल्या मायको कंपनीपर्यंत मी पोचलो, तेव्हा बायको म्हणाली, “अहो, साखरपुडा आजचा आहे.”

मग मी निदान जाहीर केलं: हायप्रेशर पंप गेला. बारामतीला फोन लावून पंपाची किंमत विचारली. ती ऐकल्यावर मोबाइल कानापासून जरा लांब धरावा लागला. शेवटी कुणीतरी जंक्शनच्या मिस्त्रीला बोलावलं.

तो येईपर्यंत हात बांधून बसणं मला शक्य नव्हतं. किर्लोस्करची एअर काढताना नट सैल करतात, हे लहानपणी पाहिलेलं. मी पाना घेऊन इंजेक्टरच्या पाइपाला हात घालणार, एवढ्यात मिस्त्री आला आणि त्याने पाना अलगद काढून घेतला. “हे जुनं इंजिन न्हाय, सर. हितलं डिझेल कातडीतनं आत घुसतं. बोट तोडायची पाळी येती.”

त्याने माझ्या मोबाइलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टाकीत डिझेल आहे का, हे विचारलं. मला तो अपमान वाटला. मग त्याने फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी उतरतंय का ते पाहिलं. पंप सोडून तो मागे मागेच का सरकतोय, हे मला कळेना. तात्यांना कळलं.

“नीरा डाव्या कालव्याच्या टेलला पाणी आलं न्हाय, तर आपण धरण फुटलं म्हंतो का? मधी कुणी फोडलंय ते बघत जातो न्हवं?”

प्रेशर कमी असण्याचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत बसतं. एक तर मागूनच डिझेल पुरेसं येत नाही. नाहीतर येतं, पण इंजेक्टरच्या रिटर्नमधून किंवा एखाद्या व्हॉल्व्हमधून परत टाकीत जातं. नाहीतर सेन्सरच खोटं बोलतो. पंप बिघडतो, पण त्याच्यावर आळ घ्यायचा तो सगळ्यात शेवटी.

“खाली थेंबही सांडलेला नाही,” मी तरीही म्हणालो. “म्हणजे गळती नाहीच.”

“ओढायची नळी गळत न्हाय, सर. हवा पिती.”

माझ्या जीपच्या टाकीत वेगळा पंप नाही. पुढचा पंपच डिझेल ओढून घेतो. त्यामुळे मागच्या नळीला चीर पडली तर डिझेल बाहेर येण्याआधी हवा आत शिरते आणि रात्रभरात नळीतलं डिझेल टाकीकडे उतरतं. मिस्त्रीने फिल्टर आणि पंपाच्या मध्ये सलाइनची पारदर्शक नळी जोडली आणि मला सेल्फ मारायला लावलं. पिवळसर डिझेलमधून बुडबुड्यांची माळ सरकत गेली. बुडबुडे नसते, तर अशाच नळ्या चारही इंजेक्टरच्या रिटर्नला लावून कुठल्यातून जास्त डिझेल परत येतंय, ते त्याने पाहिलं असतं.

मग तो जीपखाली शिरला. टाकीकडच्या रबरी नळीवर उंदराच्या दातांच्या बारीक, ताज्या खुणा होत्या. ऊस तुटला की फडातल्या उंदरांना नवा आसरा लागतो. त्यांना माझी जीप पसंत पडली होती. नळीचा तुकडा बदलला, क्लिपा आवळल्या, हँडपंप कडक होईपर्यंत दाबला. पुन्हा सेल्फ मारल्यावर प्रेशर २५० वर गेलं आणि इंजिन पेटलं. तो आकडा मी सोडून कुणीही बघितला नाही.

निमगावात पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती. उशीर का झाला, असं व्याह्यांनी विचारल्यावर तात्या म्हणाले, “सरांच्या गाडीचा पंप उंदरानं खाल्ला.” निदानात तात्या माझ्यापेक्षा फार मागे नव्हते.

तेव्हा वाचकहो, गाडी फिरते पण पेटत नाही आणि प्रेशर कमी दिसतंय, तर टाकीकडून इंजिनाकडे बघत या: डिझेल, नळ्या, क्लिपा, फिल्टर, मग रिटर्न, आणि पंप अगदी शेवटी. हायप्रेशरच्या पाइपाला स्वतः पाना लावू नका. आणि तोडीच्या दिवसांत गाडी फडापासून लांब लावा.