गुण किती, आणि कापले कुठे?

भिवंडीत कापडाला नुसता आकडा देऊन कोणी सुटत नाही. मागावरून उतरलेला ताका तपासणीच्या टेबलावर उलगडतो, उजेडातून पुढे सरकतो आणि तपासणाऱ्याचं बोट थांबतं : इथे धागा तुटलाय, इथे तेलाचा डाग आहे, ही गाठ. निर्यातीच्या मालाला चार पॉइंटची पद्धत लावतात. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक पॉइंट, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्यापुढे चार. शंभर चौरस वारांत चाळीसच्या वर पॉइंट भरले, की सहसा माल परत. निकाल पटो न पटो, दोष कुठे आहे हे व्यापाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं.

रॉक अल्बमच्या परीक्षणातून नेमकं हे बोटच गायब असतं.

इंडी रॉकच्या जगात ज्यांच्या शब्दावर अल्बम तरायचे किंवा बुडायचे, त्या अमेरिकेच्या 'पिचफोर्क' या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाचंच घ्या. तिथे दशांशात गुण देतात. 2003 मध्ये गायिका लिझ फेअरच्या अल्बमला त्यांनी 0.0 दिले. 2021 मध्ये त्यांनीच जुने निकाल पुन्हा काढले आणि त्याच अल्बमला 6.0 दिले. गाणी तीच होती, एक सूरही इकडचा तिकडे झाला नव्हता. 2006 मध्ये 'जेट' या बँडच्या 'शाइन ऑन'ला शून्य देताना तर परीक्षणात एक शब्दही लिहिला नाही, नुसती एका माकडाची किळसवाणी चित्रफीत लावली. याला परीक्षण म्हणत नाहीत, टवाळी म्हणतात. ज्यांनी तो अल्बम रक्त आटवून केला, त्यांना निदान 'अमुक गाणं फसलं' एवढं तरी कळायला हवं होतं.

आपल्याकडे आजार उलटा आहे. 'अभंग रिपोस्ट'सारखा बँड अभंगांना गिटार आणि ड्रम्सची साथ देतो, की कौतुकाचा पूर येतो : तरुण मुलं अभंग गातात, केवढी मोठी गोष्ट! मोठी आहेच. पण ते गुण तुकोबांचे. ड्रम्स शब्दांवर चढतात का, बास गिटार गाणं पेलते का, टाळ-मृदंगाने जे होत नव्हतं ते गिटारने साधलं का, हे कोण सांगणार?

मी माझा हिशेब उघड मांडतो. दिल्लीच्या 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी' या बँडचा 2019 चा अल्बम 'बिस्मिल्लाह' : दहापैकी आठ. 'फ्लोटेड बाय'मधली पितळी वाद्यं लग्नाच्या वरातीतून वाट चुकून आल्यासारखी वाजतात आणि गाण्याला विलक्षण उदास करून जातात. या एका गाण्यासाठी अल्बम घ्यावा. कापलेल्या दोनांपैकी एक गुण आवाजाचा : गायकाचा खर्ज इतका घुमवलाय की शब्द हाती लागत नाहीत. दुसरा 'मेमरी बॉक्स'चा : आठ मिनिटांहून लांब गाणं, त्यातली दोन मिनिटं मला जास्त वाटतात. कोणाला ती दोन मिनिटंच सगळ्यात प्रिय असतील, तर त्याने माझ्याशी जरूर भांडावं. भांडायला जागा तरी आहे.

पुण्यात 2010 पासून कितीतरी वर्षं 'वीकेंडर' हा संगीत महोत्सव गाजला, मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 2023 पासून 'लोलापलूझा' हा महोत्सव भरतो. त्या गर्दीत मराठी मुलं-मुली भरपूर असतात. आमची वृत्तपत्रं मात्र दर आठवड्याला सिनेमांना तारे वाटतात आणि अल्बमसाठी चार ओळींची जागा काढत नाहीत. संपादकांनो, ती जागा काढा. आणि तिथे लिहिणाऱ्यांनो, नुसते तारे देऊ नका. कोणतं गाणं, कितव्या मिनिटाला, काय चुकलं किंवा काय जमलं, ते लिहा.